टीव्हीची पाठ गरम होती!

ऐकलंत का? नाही ना? मग बसा, चहा टाकते. आमच्या सोसायटीत जे चाललंय ते कोरड्या घशानं सांगण्यासारखं नाही.

तर बी विंगमधले दंतवैद्य. वय ४६, दोन दवाखाने, मुलगी बारावीला. गेल्या महिन्यात त्यांच्या दारात टेम्पो थांबला आणि दोन हमालांनी घामाघूम होत एक भलंमोठं खोकं वर नेलं. आम्हाला वाटलं, फ्रिज असेल. निघाला काय? जुना डबडा टीव्ही! तोच, मागून पोट सुटलेला, काचेच्या नळीचा. आपण सगळ्यांनी कधीकाळी तो भंगारवाल्याच्या गळ्यात मारला आणि आनंदाच्या भरात वर त्याला चहाही पाजला. ह्या गृहस्थांनी तो पैसे मोजून घरी आणलाय. आणि कशासाठी? दिवाणखान्यात बसून बदकं मारायला!

त्यांच्या बायकोनं मला हे जिन्यात सांगितलं, तेही आवाज खाली आणून, जणू नवऱ्याला नको तिथं नको त्या बाईबरोबर पाहिलंय. मी तोंडावर हात ठेवला. ठेवावाच लागतो, पद्धत आहे.

पण ते एकटे नाहीत हो. साथ आहे साथ! सेक्रेटरींच्या मोज्यांच्या खणात तळहाताएवढं एक यंत्र सापडलं. बायकोनं विचारलं, हे काय? तर म्हणाले, सोसायटीचे कागद आहेत त्यात. चालू करून पाहिलं, तर सोसायटीच्या कागदांमध्ये एक टोपीवाला गडी पानांचा परकर नेसून कुऱ्हाडी फेकत पळत होता. चिनी बनावटीची असतात ही यंत्रं. नावं तरी काय, तर ॲनबर्निक, मियू मिनी. 'मियू मिनीसाठी बारा वाजेपर्यंत जागा होतो' असं नवरा झोपेत बरळला, तर कुठल्या बाईला झोप लागेल, तुम्हीच सांगा. तिसऱ्या मजल्यावरचे सीए तर विवरणपत्रं भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात, अशील बाहेर ताटकळत असताना, आत 'रोड फायटर' खेळताना सापडले. त्यांचं म्हणणं, पेट्रोल संपत आलं होतं, मध्येच कसं उठणार?

आता चाळिशी ओलांडलेल्या माणसानं लहानपणीचे व्हिडिओ गेम खेळावेत, एवढं आम्ही पोटात घातलं असतं. कुणी ट्रेकला जातं, कुणी सायकल घेऊन आठवड्यात विकतं. पण ह्यांचा माज वेगळाच आहे. ह्यांना साधे गेम आवडतच नाहीत! मारिओ आवडतो म्हणणं म्हणजे ह्यांच्या बैठकीत पुलं आवडतात म्हणण्यासारखं झालंय. चूक काहीच नाही, पण त्यात तुमचं असं काय? प्रत्येकानं एकेक उपेक्षित, दुर्लक्षित, अन्यायग्रस्त गेम दत्तक घेतलाय आणि त्याच्या वकिलीसाठी मंडळी गणपतीच्या मंडपात आरती संपल्यावर तासतासभर भांडतात. प्रसादाची वाटी हातात, आणि डॉक्टर म्हणतात, "मारिओ काय, कुणालाही आवडतो. 'नट्स अँड मिल्क' खेळलात का कधी?"

नट्स अँड मिल्क! मी म्हटलं, हा काय डिंकाच्या लाडवाचा प्रकार आहे?

नाही म्हणजे, मला ठाऊक होतं. पण चारचौघांत तसं दाखवायचं नसतं. १९८४ सालचा गेम, हडसन सॉफ्ट कंपनीचा. जपानी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी बाहेरच्या कंपनीनं काढलेल्या अगदी पहिल्या गेमांपैकी एक. 'लोड रनर' त्याच्याच बरोबरीचा. गुलाबी गोळा मिल्क, निळा गोळा नट्स, फळं गोळा करायची आणि घरात वाट बघत असलेल्या मैत्रिणीकडे जायचं. बस्स. डॉक्टर ह्यावर अर्धा तास बोलले. त्यांच्या पेशंटनासुद्धा एवढा वेळ मिळत नाही.

आणि सीए काय म्हणाले माहितीये? 'काँट्रा' हा गेम ३० लाइफ लावून खेळणारे हे खेळाडूच नव्हेत! वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे आणि पुढची दोन बटणं, की ३० लाइफ हाती. अहो, बाराखडी विसरलेली पोरं हे विसरली नाहीत. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरनं १९८६ साली 'ग्रेडियस' हा गेम फॅमिकॉमवर आणताना ही युक्ती आधी त्यात ठेवली, कारण स्वतःचाच गेम त्याला झेपेना. ज्यानं बनवला त्यालाही फुकटची कुमक लागली, आणि आमचे सीए तीन लाइफमध्ये मर्दुमकी सांगतात. घरी विचारलं त्यांच्या बायकोला. म्हणाली, दुसऱ्या स्टेजलाच मरतात.

बरं, आता तुमच्या मनात आलंच असेल की हिला एवढं कसं माहीत. येऊ त्यावर. चहा घ्या.

सांगलीला आमच्या घरी १९९३ मध्ये मामानं मुंबईहून, मनीष मार्केटमधून, व्हिडिओ गेम आणला. समुराई होता की त्याची नक्कल, देव जाणे. नकलेचीही नक्कल मिळायची तेव्हा. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात निघाला. भारतात आपल्याला मिळाली ती त्याची चुलत, मावस, सावत्र भावंडं: समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. टीव्हीच्या मागे वायर खुपसायची, चॅनेलचं बारीक चाक फिरवत बसायचं. पडद्यावर आधी मुंग्या, मग वाकडंतिकडं चित्र, आणि मग एकदम रंगीत यादी: ९९,९९,९९९ इन १! कॅसेटच्या वरच्या कागदावर एका गेमचं चित्र, आत भलतेच गेम. यादीत पहिले पंधरा-वीस खरे. पुढे तेच गेम वेषांतर करून. मारिओ, सुपर मारिओ, मारिओ २, मारिओ नाइट. सगळीकडे तोच मिशीवाला, फक्त चौथ्या स्टेजपासून सुरू. लग्नात आहेराची साडी कशी घरोघर फिरते, तसं.

कॅसेट चालली नाही तर खाली फुंकर मारायची. ही विद्या कुणी शिकवली कुणास ठाऊक, पण सांगलीपासून सोलापूरपर्यंत सगळ्यांना येत होती. निन्टेन्डो कंपनी मात्र पुढे बजावत राहिली की तोंडाच्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजतात, फुंकू नका. म्हणजे आपण औषध म्हणून विष देत होतो. खरं तर कॅसेट काढून परत बसवली की पट्ट्यांचा स्पर्श सुधारायचा, आणि श्रेय मात्र फुंकरीला.

वडील बँकेतून सहाला घरी यायचे. चप्पल काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर तळवा टेकवायचे. वैद्य जसा ताप बघतो तसा. पाठ गरम लागली की आम्ही दोघं भावंडं भिंतीला पाठ लावून उभे. आम्ही दुपारी शाळेतच होतो असं शपथेवर सांगायचो, तर वडील म्हणायचे, मग काय टीव्हीला मलेरिया झाला? दादा माझ्याकडे बोट दाखवायचा, मी दादाकडे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पोरं आहेत, जाऊ द्या." ह्या प्रकरणाचा उलगडा व्हायला ३० वर्षं लागली. पण ते शेवटी. घाई करू नका.

आता मुख्य भानगड ऐका. माझी आत्येबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले दोन अमेरिकन गोरे, हेही त्याच वयाचे, त्याच रोगाचे. तिच्या नवऱ्यानं सहज सांगितलं की लहानपणी आम्ही 'बॅटल सिटी' खेळायचो, सर्कसचा गेम खेळायचो, पेंग्विनच्या जोडीचा खेळायचो. तर ते दोघं डोळे विस्फारून बघत राहिले. म्हणे, हे गेम तुमच्याकडे होते? हे तर अमेरिकेत फॅमिकॉमच्या भावाला, म्हणजे एनईएसला, कधी अधिकृतपणे मिळालेच नाहीत! आम्ही हे मोठेपणी इंटरनेटवर शोधून काढले!

घ्या! जे त्यांच्याकडे दुर्मिळ, जाणकारांनी कुजबुजत एकमेकांना सांगायचं, ते आपल्याकडे गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या घरी पोतंभर. आणि ते ज्याला अभिजात म्हणून डोक्यावर घेतात, ते 'झेल्डा', 'मेट्रॉइड', 'फायनल फँटसी', त्यातलं आपल्या गेम पार्लरवाल्यानं एक नाव ऐकलेलं नव्हतं. हे का झालं? अहो, साधा हिशेब आहे, किराणा दुकानाचा. बॅटल सिटी, आइस क्लायंबर, रोड फायटर, सर्कस चार्ली हे सगळे प्रत्येकी २४ किलोबाइटचे. तुमच्या सासूबाई रोज सकाळी सूर्यफुलाचं जे चित्र पाठवतात ना, त्याच्या एका पाकळीत सर्कस चार्ली अख्खा झोपेल. मारिओ ४० किलोबाइटचा. तोही काटकसरीनं, आभाळातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. झेल्डासारख्या गेमला खेळ कुठवर आला हे साठवून ठेवायला जपानात डिस्क लागायची, अमेरिकेत कॅसेटमध्ये बॅटरी घालायला लागली. नकलेच्या धंद्यात बॅटरी कोण घालणार? स्वस्त चिपमध्ये जे कोंबता येईल ते कोंबायचं. म्हणून तैवान-चीनच्या कारखान्यांतून रशियात, भारतात, कुठं कुठं एकच संस्कार गेला. रशियात १९९२ साली 'डेंडी' नावानं हाच डबा विकला गेला आणि तिथली पोरंही बॅटल सिटीच्या रणगाड्यांवरच वाढली. म्हणजे आमचे दंतवैद्य ज्या 'आगळ्या अभिरुची'चा तोरा मिरवतात, ती चोरीच्या कॅसेटवाल्यानं जागा वाचवण्यासाठी निवडलेली आहे! हे मी मंडपात सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. दाढ दुखतेय, पण जाऊ कुठे?

आता मी बोलतेच आहे तर माझीही मतं ऐकून घ्या. रागावू नका.

बॅटल सिटीला उपेक्षित म्हणणं हा आपल्याकडे वेडेपणा. नामको कंपनी, १९८५, ३५ स्टेजेस, खाली विटांच्या घरात एक गरुड, आणि प्रत्येक स्टेजला २० शत्रू रणगाडे. भावाबहिणीच्या नात्याची अशी परीक्षा दुसऱ्या कुठल्या गेमनं घेतलेली नाही. भावाला गोळी लागली की तो मरत नाही, नुसता जागच्या जागी थिजतो. म्हणजे बघा, मारायचं पाप नाही आणि सूड पुरेपूर. शत्रूनं फोडला नाही तेवढ्या वेळा तो गरुड दादानं स्वतःच्याच गोळीनं फोडलाय. वर 'कन्स्ट्रक्शन'मध्ये आपला नकाशा आपण बनवायचा. सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांनी एकच नकाशा बनवला: गरुडाभोवती पोलादी भिंत. वास्तुशास्त्रही नाही, सौंदर्यदृष्टीही नाही, नुसती भीती. आजच्या आमच्या सोसायट्या त्याच पोरांनी बांधल्यात असा मला दाट संशय आहे.

आइस क्लायंबर मात्र घरात ठेवू नये. १९८५ चा, निन्टेन्डोचाच. दोन गोंडस एस्किमो, हातात लाकडी हातोडे, बर्फाचा डोंगर चढायचा. दिसायला भातुकली, आतून भाऊबंदकी! वरचा गडी भराभर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला गडी, काहीही चूक नसताना, मरतो. आमच्या वाड्यातल्या दोन सख्ख्या भावांनी ह्यावरून आठवडाभर अबोला धरला होता. बरं, उडी अशी की सरळ वर जाते, बाजूला जायचं नावच नाही. आणि आपल्या कॅसेटींमध्ये जपानी आवृत्ती असायची, तिच्यात बर्फाचे तुकडे ढकलत येणारे सील असतात. त्यांना हातोडा हाणायचा. अमेरिकेत सील काढून निळसर केसाळ भुतं बसवली, कारण सीलना हातोड्यानं मारणं बघवेना. आपल्याला सगळं बघवलं.

आणि शिखरावर बोनस म्हणून काय मिळतं? वांगं! शपथेवर सांगते, पहिल्या डोंगरावर वांगी वेचायची. आता पुढचं ऐका. 'आयलंडर' आठवतो? तोच सेक्रेटरींच्या मोज्यातला पानांचा परकर नेसलेला गडी. खरं नाव 'ॲडव्हेंचर आयलंड', १९८६. मूळ गेम 'वंडर बॉय' सेगासाठी होता, ते नाव सेगाकडे राहिलं, म्हणून हडसननं नायकच बदलला आणि स्वतःच्या कंपनीच्या जाहिरातखात्यातला माणूस तिथं बसवला. खोटं नाही! ताकाहाशी मेइजिन म्हणून हा इसम सेकंदाला १६ वेळा बटण दाबण्यासाठी जपानभर प्रसिद्ध होता. त्या गेममध्ये पळता पळता फळं खायची, नाहीतर जीव ओसरतो. आणि एक वस्तू चुकून घेतली की ती डोक्याशी घिरट्या घालत जीव भराभर शोषून घेते. ती वस्तू कोणती? वांगं! एका कंपनीचं वांगं बक्षीस, दुसरीचं वांगं शाप. निन्टेन्डोच्याच 'किड इकारस'मध्ये तर एक मांत्रिक नायकालाच वांगं करून टाकतो. जपानी माणसाचं आणि वांग्याचं काय बिनसलंय हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण कृष्णाकाठची वांगी खाऊन वाढलेल्या मुलीला हा सरळसरळ अपमान वाटायचा. दादा वांग्याची भाजी टाकताना म्हणायचा, खाल्ली की लाइफ कमी होते. आईचं लाटणं तेव्हा सेकंदाला १६ वेळा चालायचं.

'मॅपी'बद्दल मी काही ऐकून घेणार नाही. उंदीर पोलीस आणि मांजरं चोर, ही कल्पनाच पुरस्काराची. चोरलेला माल म्हणजे रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, मोनालिसा, तिजोरी. बोक्याच्या घरात सगळं. मजल्यामजल्यांत झोळ्या ताणलेल्या, त्यांवर उड्या मारत मॅपी चढतो. हवेत असताना मांजराला ओलांडून गेलं तरी काही होत नाही, जमिनीवर मात्र झडप. आणि उतावीळ होऊन एकाच झोळीवर उड्या मारत राहिलात तर झोळी रंग बदलत बदलत शेवटी फाटते. माप्पो म्हणजे जपानीत पोलिसांना हिणवायचा शब्द, त्यावरून ह्या शिपायाचं नाव. १९८३ चा गेम. आमच्या पिढीत मारिओची बरोबरी करेल असा हा एकच, आणि सीएंना तो 'ठीक' वाटतो. ठीक! माणसाची पारख ह्यावरून होते.

माझ्या नवऱ्याचं ऐकायचंय? त्यांचा दत्तक गेम 'अर्बन चॅम्पियन'. रस्त्यात दोन माणसं एकमेकांना ठोसे मारतात. वरून कुणीतरी कुंडी टाकतं. पोलिसांची गाडी आली की दोघं सभ्यपणे बाजूला होतात. संपलं. हाच गेम, हेच दृश्य, अनंतकाळ. हे म्हणतात, त्यात शहरी जीवनाचं भेदक चित्रण आहे. काही गेम उपेक्षित असतात त्याला सबळ कारण असतं हो! कोपऱ्यात पडलेलं प्रत्येक भांडं तांब्याचं नसतं, काही नुसतीच कळकट असतात. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुला कला कळत नाही.

बॉम्बरमॅनची भानगड तर कुणालाच माहीत नव्हती. ५० स्टेजेस फोडून बाहेर पडलात की तो यंत्रमानव माणूस होतो आणि पडदा सुचवतो, ह्याला आमच्या दुसऱ्या एका गेममध्ये ओळखाल. तो म्हणजे लोड रनरचा नायक! म्हणजे ज्याला आपण हीरो समजून वर्षानुवर्षं पळवलं, तो पूर्वाश्रमीचा बॉम्बवाला. घराणं बघा केवढं गुंतागुंतीचं. टीव्हीवरच्या मालिकांना लाजवेल.

हो, बदकं राहिलीच. डॉक्टरांच्या टीव्हीत दोष नाही, बदकांच्या गेमला तो जुनाच लागतो. त्या गेमच्या बंदुकीतून काही सुटत नाही, तीच पडद्याकडे बघते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतली आधी अंधार, मग उजेड अशी जोडी दिसली तरच नेम लागला. म्हणून बल्बकडे नेम धरून फसवता येत नाही. आणि आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र क्षणभर उशिरा उमटतं, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं; बदक मोकळं. आता खरी खमंग गोष्ट. एकाच बदकाचा जो प्रकार आहे, त्यात दुसरा रिमोट जोडला की बदक दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असतं! डॉक्टर तीन आठवडे नेम चुकतोय म्हणून चष्म्याचा नंबर काढून आले. त्यांची बारावीतली मुलगी मागे सोफ्यावर रिमोट पांघरुणात धरून बसायची. मला तिनंच सांगितलं. मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा.

पैशाचं तर विचारूच नका. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. अकरा कोटींच्या वर रुपये! आणि गंमत अशी की ती सीलबंद. म्हणजे कुणी कधी खेळलेलीच नाही, आणि जो घेईल तोही खेळणार नाही. ह्या गेमची उपेक्षा ज्यानं विकत घेतला त्यानंच केली. उलट २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन नावाच्या संस्थेनं हिशेब मांडला, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज दुकानात पैसे देऊन मिळतच नाहीत. मग माणसं मोज्याच्या खणात लपवणार नाहीत तर काय करणार? सेक्रेटरींची बाजू मी घेत नाही, पण घेतली असती तर अशी घेतली असती.

आणि पेंग्विनचा गेम. 'बायनरी लँड', १९८५. हा मी कुणाला देणार नाही. एक निळा पेंग्विन, एक गुलाबी. मध्ये भिंत. तुम्ही उजवीकडे दाबलं की एक उजवीकडे जातो आणि दुसरी डावीकडे, आरशासारखं. वाटेत कोळ्यांची जाळी, दोघांच्या वाटा वेगळ्या, आणि वर पिंजऱ्यात अडकलेल्या बदामापाशी दोघांनी एकाच वेळी पोचायचं. एकानं आधी पोचून चालत नाही. रात्री दीड वाजता मी बाल्कनीत हा खेळत असताना नवऱ्यानं मला पकडलं. हो, माझ्याकडेही आहे ते यंत्र. डाळीच्या डब्यात ठेवते. आता झालं समाधान?

पण आमच्या घरातलं खरं प्रकरण हे नव्हेच.

आई गेल्या दिवाळीत सांगलीहून आली होती. वय ७४, गुडघे दुखतात, दूरदर्शनच्या बातम्यांशिवाय पडद्याकडे बघत नाही म्हणून नातेवाइकांत ख्याती. मी बाल्कनीत सर्कस चार्ली लावला होता. सांगलीच्या माणसाचा तो हक्काचा गेम. १८८० मध्ये भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे आमच्या शेजारच्या अंकलखोपचे. देवलांची सर्कस म्हैसाळची. सरकारनं १९९८ मध्ये सर्कशीतून सिंह-वाघांना सुट्टी दिली, चार्लीचा सिंह तेवढा अजून आगीच्या कड्यातून उड्या मारतोय. तर मी दोरीवरच्या स्टेजला होते. माकडं समोरून येतात, त्यांच्यावरून उडी मारायची. मी तिसऱ्यांदा पडले.

मागून आवाज आला, "निळ्याला बघ आधी. तपकिरी माकड संथ असतं, निळं पळत येऊन त्याच्यावरून उडी घेतं. तू तपकिरीलाच बघत बसतेस, लहानपणापासून."

मी वळले. आई पदराला हात पुसत उभी.

"तुला कसं माहीत?"

"आता दुपारी तुम्ही दोघं शाळेत, हे बँकेत, गिरणीतून दळण यायला वेळ. मी काय भिंतीकडे बघत बसायचं?"

म्हणजे टीव्हीची पाठ! ते सगळे तळवे, ती सगळी भिंतीला टेकून उभं राहण्याची संध्याकाळ, दादाचं बोट, माझं बोट! आणि पुरावा तरी कुठून मिळणार? त्या कॅसेटीत काही साठवलं जात नाही, बटण बंद केलं की स्कोअर गेला. एक उरायची ती पाठीची ऊब.

"तेव्हा सांगितलं का नाहीस? आम्ही मार खाल्ला!"

"कुठला मार? दोन-चार धपाटे. मी सांगितलं असतं तर ह्यांनी तो मामाला परत पाठवला असता." चष्मा कपाळावरून खाली घेत तिनं हात पुढे केला. "आण इकडे. घोड्याच्या स्टेजपर्यंत जाऊन देते, पुढचं झोक्यांचं तुझं तू बघ. ते मला कधी जमलं नाही, तेवढ्यात तुमची शाळा सुटायची."